रॅम्पचे पैसे कुणाकडे मागायचे?

पत्र : ताई, नमस्कार. आम्ही खटाव तालुक्यातले. माझे मालक वीस वर्षं गवंडी, पुण्याला बिल्डिंगच्या कामावर होते. जून २०२५ मध्ये परांची सुटून तिसऱ्या मजल्यावरून पडले. मणक्याचं ऑपरेशन झालं, पण कमरेखाली हालचाल नाही आणि कळतही नाही. तेव्हा त्यांचं वय चाळीस होतं. आता आम्ही गावी आहोत. घर पक्कं आहे, पण जोतं दीड फुटाचं, पुढे ओटा आणि तीन पायऱ्या. संडास-न्हाणी परड्यात. मी आणि दीर मिळून त्यांना उचलून नेतो. रात्री दीर नसले की ते सकाळपर्यंत थांबून राहतात. माझी कंबर गेली आहे. मालक दिवसभर कुणाशी बोलत नाहीत. सासूबाई एकाहत्तरच्या, त्यांचे गुडघे दुखतात.

गावातल्या कॉन्ट्रॅक्टरने आतल्या खोलीत संडास-बाथरूम, रॅम्प आणि सगळीकडे फरशी मिळून सव्वादोन लाख सांगितले. फायनान्सवाले कर्ज द्यायला तयार आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं की अपंगाचं घर बदलून घ्यायला सरकार तीस लाखांपर्यंत देतं. तालुक्याला एकजण म्हणतो, आठ हजार द्या, तुमची फाइल करून देतो. ठेकेदाराने दवाखान्याचं बिल थोडं भरलं, वर साठ हजार दिले आणि 'यापुढे काही मागणं नाही' अशी स्टँपपेपरवर मालकांची सही घेतली. सासूबाई म्हणतात, काहीही करा पण उंबरा फोडायचा नाही. कर्ज घेऊ का?

उत्तर : ताई, कर्ज घेऊ नका आणि आठ हजारही देऊ नका. त्या माणसाला आधारची, पासबुकाची झेरॉक्स दिली नसेल तर आता देऊ नका.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो मजकूर अगदीच खोटा नसावा, फक्त देश चुकलाय. इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्यानुसार असं अनुदान आहे. तिथली नगरपालिका उतार, रुंद दार, खालच्या मजल्यावर न्हाणीघर अशा कामांसाठी, प्रौढ माणसाचं उत्पन्न तपासून, तीस हजार पौंडांपर्यंत देते. कुणीतरी पौंडांचे रुपये करून पुढे ढकललेलं दिसतंय. आपल्याकडे दिव्यांगाच्या राहत्या घरात फेरबदल करायला ठरावीक लाख हातात देणारी अशी योजना नाही. जे पैसे आहेत ते वेगवेगळ्या नावांनी आहेत, आणि त्यातली सर्वांत मोठी रक्कम सरकारकडे नाहीच. ती तुमच्या ठेकेदाराकडे आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

कामावर असताना अपघात झाला तर काम देणाऱ्याने भरपाई द्यायची, हा कायदा १९२३ पासून आहे : कर्मचारी नुकसानभरपाई कायदा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, पण तुमचा अपघात त्याआधीचा, त्यामुळे हिशोब जुन्या कायद्याचा. यात चूक कुणाची हे बघत नाहीत. हेल्मेट होतं का, परांची कुणी बांधली होती, हे प्रश्न इथे ठेकेदाराच्या फारसे कामाला येत नाहीत. माणूस कायमचा कामातून गेला असेल तर महिन्याच्या मजुरीच्या साठ टक्क्यांना वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणतात. मजुरी कितीही असली तरी हिशोबात महिन्याला १५,००० पर्यंतच धरतात. चाळीस वर्षांना तो आकडा १८४.१७ आहे. म्हणजे ९,००० गुणिले १८४.१७, एकूण १६,५७,५३० रुपये. वर दवाखान्याचा खरा खर्च वेगळा. पैसे द्यायला महिन्यापेक्षा उशीर केला तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड.

आता हा आकडा तुमच्या साठ हजारांशेजारी ठेवून बघा.

ठेकेदाराचा वकील म्हणेल, माणूस जिवंत आहे, हात चालतात, बसून काही करू शकतो, मग शंभर टक्के कसं? त्याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९७६ सालीच देऊन ठेवलं आहे. एका सुताराचा डावा हात गेला होता. न्यायालय म्हणालं, एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा त्याच्यापुरतं हे पूर्ण अपंगत्व. गवंड्याचे दोन्ही पाय गेले तर वेगळं काय म्हणणार?

स्टँपपेपरला घाबरू नका. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार याच कायद्याने रद्दबातल ठरवला आहे. तडजोड करायची तर ती भरपाई आयुक्तांकडे, म्हणजे असे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नोंदवावी लागते. हॉटेलात चहा पिऊन घेतलेली सही त्यात बसत नाही. साठ हजारांची रक्कम फार तर अंतिम आकड्यातून वजा होईल, आणि उपचारासाठी भरलेले पैसे तर वजाही होत नाहीत. ठेकेदार हात वर करून मोकळा झाला, तर ज्याने त्याला काम दिलं तो बिल्डरही जबाबदार धरता येतो. दावा पुण्यातच लावायला हवा असंही नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात लावता येतो. मुदत अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे जून २०२७. पण शेवटच्या महिन्यापर्यंत थांबण्यात अर्थ नाही, कारण साक्षीदार पांगतात. कामावरचे सोबती आज पुण्यात, उद्या सुरतेला.

वकिलाचे पैसे कुठून आणायचे, हे तुमच्या मनात आलंच असेल. साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. दिव्यांग व्यक्तीला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १५१०० या टोल-फ्री नंबरवर आधी बोलता येईल. जाताना डिस्चार्ज कार्ड, एमआरआयचा रिपोर्ट, दवाखान्याने पोलिसांना कळवल्याचा कागद असेल तर तो, सोबत्यांची नावं आणि फोन नंबर न्या. ठेकेदाराने पूर्वी पगार फोनवरून पाठवला असेल तर बँकेतून त्याचा उतारा काढा. हजेरीपुस्तक तो दाखवणार नाही, पण हा उतारा नोकरीचा पुरावा म्हणून उभा राहतो. स्टँपपेपरची प्रत तुमच्याकडे नसेल तर मागून घ्या. देत नसेल तर तेही वकिलाला सांगा.

हा पैसा उद्या येणार नाही. वर्षही लागेल, जास्तही. तोवर तुमचे मालक रात्रभर थांबून राहणार का? नाही. म्हणून घराकडे वळू.

सव्वादोन लाखांचं ते एस्टिमेट मला पटलं नाही. 'सगळीकडे फरशी' हा त्यातला सर्वांत निरुपयोगी भाग. गुळगुळीत फरशी ओली झाली की तुम्ही घसरणार, आणि तुम्ही घसरलात तर त्या घरात दोन माणसं खाटेवर. आहे तो कोबा राहू द्या. खड्डे असतील तेवढे बुजवा.

या आठवड्यात करायचं काम एकच : चाकांची कमोड खुर्ची आणा. मेडिकल सामानाच्या दुकानात मिळते, जुनीही मिळते. खाली भांडं ठेवता येतं, हवं तर काढून ती संडासाच्या भांड्यावर सरकवता येते. रात्रीचा प्रश्न तिथेच सुटतो, विटेला हात न लावता. सोबत खाटेची उंची बघा. खाट, व्हीलचेअरची बैठक आणि कमोड या तिन्हींची उंची जवळपास सारखी असली की त्यांना उचलावं लागत नाही. हातांच्या जोरावर ते स्वतः सरकू शकतात. व्हीलचेअरची बैठक साधारण एकोणीस-वीस इंच असते. खाट खाली असेल तर पायांखाली लाकडाचे ठोकळे द्या. एवढ्याने तुमच्या कमरेवरचा अर्धा भार कमी होईल.

मग उतार. तो कसा असावा हे तुमच्या मालकांना एका वाक्यात सांगा : एका इंचाला एक फूट. गवंड्याला याहून जास्त सांगावं लागत नाही. जोतं अठरा इंच, म्हणजे उतार अठरा फूट. अंगणात सरळ तेवढी जागा नसेल तर नऊ फूट जाऊन पाच बाय पाचचा सपाट टप्पा, तिथे वळण आणि परत नऊ फूट. वर दारासमोर ओट्यावरही तेवढीच सपाट जागा हवी, नाहीतर दार उघडेपर्यंत खुर्ची मागे घरंगळते. रुंदी चार फूट. दोन्ही कडांना चार इंचांची पाळ आणि धरायला पाइप. काँक्रीट ओलं असताना खराट्याने आडवे ओरखडे ओढा, म्हणजे पावसात चाक धरेल. आपल्याकडे कितीतरी सरकारी कचेऱ्यांपुढे जे रॅम्प दिसतात त्यावरून मोटारसायकल चढते, व्हीलचेअर नाही. कॉन्ट्रॅक्टर तसलाच सहा फुटांचा घालून देईल आणि म्हणेल, मागून कुणीतरी ढकलेल की. तुम्हाला नेमकं तेच टाळायचं आहे.

उंबऱ्यावरून सासूबाईंशी वाद घालू नका. तो फोडायची गरजच नाही. दोन इंचांचा उंबरा असेल तर आतून आणि बाहेरून दोन-दोन फुटांची लाकडी पाचर बसवा. उंबरा जागेवर राहतो, हळदी-कुंकू वाहायला मधली पट्टी मोकळी राहते आणि खुर्ची वरून जाते. दार अरुंद असेल तर आधी खुर्ची मोजा, चाकांच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत. त्यात दोन्ही बाजूंना बोटांची जागा मिळवा. नवीन चौकट बसवायची तर तीन फुटांची. पण आतल्या दारांना नवी चौकट कशाला, फळी बिजागरीतून काढून पडदा लावला तरी दीड-दोन इंच मिळतात, आणि बहुतेक घरांत अडतं तेवढ्यावरच.

खरं बांधकाम एकच, संडास-न्हाणी. ते आतली खोली अडवून करू नका. मागच्या भिंतीला लागून, जोत्याच्या उंचीवर बांधा आणि मधल्या भिंतीत दार पाडा. पाइप परड्यातल्या आहे त्या खड्ड्याला जोडता येईल का, हे मालकांना बघायला सांगा. खुर्ची आत वळवायला पाच फुटांचा मोकळा गोल लागतो, हे लक्षात ठेवून माप धरा. दार तीन फुटांचं, बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आत उघडणारं दार नको : माणूस आत पडला तर तेच दार त्याच्या अंगाला अडतं आणि बाहेरून कुणाला शिरता येत नाही. न्हाणीला पायरी नको, पाळ नको. पाणी जायला जमिनीलाच किंचित उतार द्या. कमोडच्या बाजूला भिंतीत दीड इंची जीआय पाइप, नुसत्या स्क्रूवर नको, विटेत खोल गाडलेला. माणसाचं सगळं वजन त्यावर येणार आहे.

आणि आंघोळीचं पाणी. हे बांधकामात येत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यांना कमरेखाली कळत नाही, म्हणजे कढत पाणीही कळत नाही. पायाला फोड आल्यावर समजतं. पाणी आधी मिसळायचं, हाताने बघायचं, मगच ओतायचं. तसंच बसण्याचं. एका जागी तासन्‌तास बसून पार्श्वभागाला होणाऱ्या जखमा महिनोन्‌महिने भरत नाहीत आणि जिवावरही बेततात. फरशीचे वाचलेले पैसे चांगल्या उशीवर घाला, व्हीलचेअरसाठी हवेची किंवा जेलची मिळते. शिवाय दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलायची सवय लावा.

हे सगळं कुणी करायचं? तुमच्या पत्रात एक गोष्ट आहे, जी तुम्ही ओझं म्हणून लिहिली आहे : ते दिवसभर कुणाशी बोलत नाहीत. ताई, तुमच्या घरात वीस वर्षं काम केलेला गवंडी बसला आहे आणि एस्टिमेट बाहेरच्याकडून येतंय. त्यांच्या हातात टेप आणि वही द्या. माप त्यांनी काढावं, सिमेंट-विटा त्यांनी मोजाव्यात, लेव्हल ट्यूब धरून भावाला सूचना त्यांनी द्याव्यात. गावात त्यांच्या हाताखाली शिकलेले दोघे-तिघे असतीलच, त्यांना मजुरीवर बोलवा. खर्च सव्वादोन लाखांच्या कितीतरी खाली येईल. काम नीट होईल ते वेगळंच, कारण वापरणारा माणूसच ते बघतोय.

आता उरलेले पैसे. यांतलं कशालाही हात लावायच्या आधी यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, आपले सरकार किंवा सीएससी केंद्रातून होतो, मग जिल्हा शासकीय रुग्णालयात तपासणी. ८० टक्के आणि त्यावरच्या दिव्यांगत्वाला निळं कार्ड मिळतं, ४० ते ७९ ला पिवळं. हे कार्ड नसेल तर पुढचं प्रत्येक टेबल तुम्हाला परत पाठवेल.

कार्ड आलं की ग्रामपंचायत. प्रत्येक ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेलाही हे लागू आहे. लहान गावात ही रक्कम मोठी नसते आणि वाटेकरी अनेक असतात. कित्येक गावांत दिवाळीला हजार-दोन हजारांचे धनादेश वाटून फोटो काढले की निधी संपतो. तुम्ही तसं होऊ देऊ नका. नुसतं 'मदत मिळावी' असा अर्ज करू नका. 'राहत्या घराला उतार व दिव्यांगांसाठी शौचालय बांधण्यासाठी' असं लिहा, मालकांनी काढलेलं माप आणि खर्चाचा कागद जोडा, कार्डाची प्रत जोडा आणि पोच घ्या. ग्रामसेवकांना, त्यांचं पद आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, या वर्षीचा पाच टक्के निधी किती आणि खर्च किती, हे लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात विचारा, ग्रामसभेत उभं राहून विचारा. हाच अर्ज जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागातही द्या. मार्च जवळ आला की न खर्चलेला निधी संपवायची सगळीकडे घाई सुरू होते; तेव्हा तयार फाइल टेबलावर असलेली बरी.

घरकुलाच्या मागे लागू नका. प्रधानमंत्री आवास योजनेत दिव्यांगांना प्राधान्य आहे हे खरं, पण ती घर नसलेल्यांसाठी किंवा कच्च्या घरात राहणाऱ्यांसाठी. तुमचं घर पक्कं आहे. कुणी 'बसवून देतो' म्हणालं तर तो तुमच्याकडून खोटं लिहवून घेणार.

मालकांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी होती का? त्याचं कार्ड शोधा. नोंदणी अपघाताच्या वेळी चालू असेल तर ७५ टक्के किंवा जास्त कायमच्या अपंगत्वाला मंडळाकडून दोन लाख मिळतात. ठेकेदाराकडून मिळणाऱ्या भरपाईचा याच्याशी संबंध नाही, दोन्ही मागता येतात. त्यांचं बँकेचं पासबुकही उघडा आणि दर वर्षी मे-जूनच्या सुमाराला वीस रुपये कापलेले दिसतात का बघा. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. दोन्ही पाय कायमचे निकामी झाले तर तिच्यात दोन लाखांचं संरक्षण आहे. दावा लगेच करायला हवा होता, ते राहिलं. तरी शाखेत लेखी अर्ज द्या आणि उत्तर लेखीच घ्या. तोंडी 'आता होत नाही' ऐकून परत येऊ नका.

महिन्याच्या खर्चाला तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. दिव्यांग लाभार्थ्यांना ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला २,५०० रुपये झाले आहेत. दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला पन्नास हजार आहे, तसा दाखला काढावा लागेल. व्हीलचेअर मात्र विकत घेऊ नका. केंद्राच्या एडिप योजनेत महिन्याला २२,५०० पर्यंत उत्पन्न असलेल्यांना साधनं पूर्ण मोफत मिळतात. त्यासाठी जिल्ह्यात अलिम्को या सरकारी कंपनीची शिबिरं भरतात. शिबिरात मिळेल ती खुर्ची घेऊन येऊ नका. घरातल्या दारांची मापं कागदावर लिहून न्या आणि हात काढता येणारी खुर्ची आहे का विचारा. बाजूचा हात निघाला तरच खाटेवर सरकता येतं.

राहता राहिल्या सासूबाई. ६५ वर्षांवरच्यांना, घरचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर, मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकदाच तीन हजार रुपये खात्यात येतात. ही २०२४ मध्ये आलेली राज्याची योजना आहे. त्यातून काठी, वॉकर, गुडघ्याचा पट्टा, कमोड खुर्ची असं घेता येतं. साताऱ्याला समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज सध्या घेत आहेत का ते विचारा. विधी सेवा प्राधिकरणात जाल त्याच फेरीत हेही होईल.